हार घातलेलं खोकं

संस्थेचे अध्यक्ष दौलतराव यांनी शाळेचा वर्षाचा सगळा निधी एका स्मार्टबोर्डावर उधळला. मुलं खराब करतील म्हणून तो खोक्यातच ठेवला आणि थाटात उद्घाटनही केलं, खोक्याचंच! शलाकाबाईंनी मात्र पुठ्ठा आणि जुन्या मोबाइलचं भिंग जोडून मुलांसाठी सूक्ष्मदर्शक बनवला. तपासणीच्या दिवशी तो पाहून दौलतराव शिक्षणाधिकाऱ्यांसमोरच गरजले, "बाई, हे भंगार आत्ताच्या आत्ता फेका! यातून दिसतं तरी काय?"

"बघा की, साहेब."

डोळा लावताच दौलतराव दचकले. "अहो, ही तर वाळवी!"

"तुमच्याच खोक्यातली आहे. स्मार्टबोर्डापर्यंत पोचलेली आपल्या शाळेची एकमेव विद्यार्थिनी!"

शिक्षणाधिकारी हसू दाबत म्हणाले, "अध्यक्षसाहेब, खोकं उघडा. आणि बाईंचं भंगार वर्गातच राहू द्या."