सात औट साडेचोवीस

“...ते सगळं खरं, चाचा. पण या दोन माइकांतला कोणता घेऊ?”

मुजावरचाचा चहा बशीत ओतत होते.

शिवराजनं माइकचे दोन्ही खोके त्यांच्यापुढे सरकवले. पटेल तो ठेवायचा, दुसरा परत करायचा, अशा बोलीवर त्यानं ते दुकानातून आणले होते. चाचांनी पस्तीस वर्षं रेडिओ केंद्रावर गवयांचे आवाज टिपले होते. मिरजेत याबाबतीत त्यांच्याहून जाणता माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतकं कमी बोलणाराही नव्हता.

शिवराज पडला इंजिनिअर. हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागत नसे. आणि या वेळचं काम साधं नव्हतं.

गुरुवारी त्याच्या वडिलांच्या, अण्णांच्या, गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. मग हळिंगळे मास्तरांचा आवाज पुन्हा कधी ऐकू येणार नव्हता.

त्या आवाजानं अर्ध्या मिरजेला पाढे शिकवले होते. नुसते बे-तीनचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी आणि सगळ्यात अवघड ती औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आता ते पाढे कुणाला येत नाहीत. ते सगळे अण्णांच्या आवाजात जपून ठेवायचेच, असा शिवराजनं चंग बांधला होता.

“आज वार कोणता?” चाचांनी विचारलं.

“सोमवार.”

“किती पाढे झाले?”

शिवराजनं मान खाली घातली...

“एकही नाही. आवाज घुमतोय, चाचा. अण्णा रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. माइकच हलके निघतात. तीन बदलले. आणि डॉक्टरांनी दिवसातून पंधरा मिनिटंच बोलायला सांगितलंय.”

“आणि खोली?”

“खोली एकदम लख्ख केलीय.” शिवराजची मान जरा वर आली. “अडगळीचा कण ठेवला नाही.”

चाचांनी बशी खाली ठेवली.

“उद्या सकाळी येतो.”

“पण माइक...”

“खोके फोडू नकोस.”

मंगळवारी सकाळी चाचा आले आणि उंबऱ्यातच थांबले.

खोलीत खरोखर काही नव्हतं. फरशी चकाकत होती. मधोमध प्लास्टिकची एक खुर्ची आणि तिच्यावर गळ्याला मफलर गुंडाळलेले मास्तर बसले होते. दोन भिंतींवर अंड्यांचे साठ ट्रे चिकटवलेले होते.

हळिंगळ्यांच्या लिंगायत घरात आजवर अंडं आलं नव्हतं. शिवराजनं कुठंतरी वाचलं, की हे ट्रे लावले म्हणजे आवाज घुमत नाही. त्यानं ते कोरे करकरीत आणले होते. तरी मास्तरांनी त्या दिवशीची बोलायची सगळी पंधरा मिनिटं त्या ट्रेवरच खर्च केली होती.

“बघा मुजावर,” मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, “आमच्या चिरंजीवांनी पोल्ट्री काढलीय.”

चाचा हसले. मग खोलीच्या मध्यावर जाऊन त्यांनी एक टाळी वाजवली.

टाळीमागून भिंतींनी आणखी तीन-चार टाळ्या वाजवल्या.

“ट्रे लावूनसुद्धा?” शिवराज चपापला.

चाचांनी खोलीभर नजर फिरवली. “मास्तर इथं किती वर्षं राहतात?”

“तीस.”

“तेव्हा आवाज घुमायचा?”

शिवराजनं आठवून पाहिलं. नाही. कधीच नाही...

“तेव्हा इथं काय होतं?”

“काय असणार? अण्णांचा पसारा. कापसाची गादी, पुस्तकांचं कपाट, खुंटीवर कोट, ज्वारीची पोती. आईच्या लुगड्यांच्या चार वाकळा. सगळं मागच्या पडवीत टाकलंय.”

“आण.”

“चाचा, अडगळ भरून कुठं स्टुडिओ होतो का?”

चाचांनी पडवीकडं बोट केलं.

शिवराजला राग आला. पण राग आला म्हणून काम टाकणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं बाह्या सरसावल्या. आधी गादी आणली. चाचांनी टाळी वाजवली आणि मान हलवली. मग कपाट आणलं, पुस्तकं लावली. टाळी. अजून नाही. ज्वारीची दोन पोती त्यानं पाठीवरून आणून कोपऱ्यात टेकवली. घामानं सदरा अंगाला चिकटला.

शेवटी वाकळा उरल्या. पडवीत त्या धुळीत पडल्या होत्या. त्या झटकताना त्याला आईचं पोपटी इरकली लुगडं ओळखू आलं आणि गलबलून आलं. आपण हे कसं टाकू शकलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

दोन वाकळा भिंतींवर टांगल्या, दोन खाली अंथरल्या. चाचांनी टाळी वाजवली.

टाळी वाजली आणि तिथंच विरली.

मास्तर खुर्चीवरून उठले आणि आपणहून गादीवर जाऊन बसले. खोली रिकामी केल्यापासूनच्या तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच भिंतीला टेकले.

“आता खोके फोडू?” शिवराजनं विचारलं.

चाचांचं लक्ष खिडकीत होतं. तिथं एक लहानसा माइक धूळ खात पडला होता. “तो कुठला?”

“पहिला घेतलेला. बिनकामाचा आहे.”

चाचांनी तो फडक्यानं पुसला. मास्तरांच्या ओठांपासून हातानं एक वीत मोजली आणि तोंडातला वारा थेट बसू नये म्हणून माइक जरासा बाजूला उभा केला.

शिवराजनं यंत्र सुरू केलं आणि पाय न वाजवता दाराकडं निघाला.

“कुठं चाललास?”

“बाहेर. माझा आवाज आत यायला नको.”

“मग मास्तर कुणाला शिकवणार? भिंतीला?” चाचांनी वाकळेवर बोट ठेवलं. “इथं बस.”

शिवराज वडिलांसमोर मांडी घालून बसला. असा तो पंचेचाळीस वर्षांत किती वेळा बसला होता, ते मोजायला एका हाताची बोटंही पुष्कळ झाली असती.

मास्तरांनी घसा खाकरला.

“एक औट...?”

मास्तर थांबले. वर्गानं उत्तर दिल्याशिवाय ते कधीच पुढं जात नसत.

“साडेतीन,” शिवराज हळूच म्हणाला.

“बे औट?”

“सात.”

“तीन औट?”

“साडेदहा.”

चौदा झाले, साडेसतरा झाले, एकवीस झाले. मास्तरांचा घोगरेपणा कमी झाला नव्हता, पण त्यात चाल आली होती. मान डोलू लागली होती.

“सात औट?”

शिवराजनं मनात गुणाकार धरला. तोंडातून निघालं, “साडेपंचवीस.”

...

“शिव्या!”

तो आवाज शाळेच्या मैदानापर्यंत जाणारा होता. शिवराज दचकून ताठ बसला. चाचा जागचे हलले नाहीत.

“साडेचोवीस! इंजिनिअर झालास म्हणं. हात पुढं कर.”

त्यानं हात पुढं केला. मास्तरांनी तळहातावर दोन बोटांनी सपकन फटका दिला. मग तो हात त्यांनी सोडलाच नाही.

“परत. सात औट?”

“साडेचोवीस,” शिवराज म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

आठ औट अठ्ठावीस झाले. नवाला तो पुन्हा चुकला, पुन्हा बोलणी खाल्ली. दहा औट पस्तीस झाले तेव्हा मास्तरांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी हातानंच पुरे म्हणून सांगितलं. आजची पंधरा मिनिटं संपली होती.

मास्तरांना पाणी देऊन शिवराजनं हेडफोन कानाला लावला. अण्णा अगदी शेजारी बसून बोलत होते. हंडा नव्हता, घुमणं नव्हतं. मफलरची सळसळ आणि तळहातावरचा फटकासुद्धा आला होता.

“जमलं, चाचा!” तो उठून उभा राहिला. “पहिलाच माइक चांगला होता. उद्या संध्याकाळी अण्णांना दाखल करायचंय, सकाळी आणखी एक पाढा होईल. आज रात्री बसून यातल्या माझ्या चुका तेवढ्या कापतो. आणि उद्याचा पाढा आधी घोकून ठेवतो, म्हणजे एकही चूक...”

चाचा चपला घालत होते. त्यांनी न फोडलेले दोन्ही खोके उचलून त्याच्या हातात दिले. मग गादीवर डोळे मिटून बसलेल्या मास्तरांकडं एकदा पाहिलं.

“कापू नकोस,” ते म्हणाले. “उद्या पाऊणकी. आणि पाठ करून बसू नकोस.”