पोतनीसांचा राहता पत्ता

विषय : परदेशी निवृत्त रहिवासी श्री. मोरेश्वर पोतनीस यांच्या राहत्या पत्त्याची खातरजमा.

समुद्रापलीकडच्या एका टुमदार गावी पोतनीस सपत्नीक स्थायिक झाले होते. व्हिसा वाढवून मिळाला नाही, तर बिऱ्हाड गुंडाळणं भाग होतं.

कचेरीतले साहेब गुरगुरले, "आमचा माणूस तीनदा येऊन गेला. दर वेळी दाराला कुलूप! तुम्ही तिथे राहता कशावरून?"

पोतनीस नम्रपणे म्हणाले, "साहेब, तिन्ही दिवशी आपणच आम्हा दोघांना हजेरीला बोलावलं होतं. दिवसभर याच बाकावर होतो. पत्ता म्हणून हा बाकच लिहून घ्या, म्हणजे आपल्या माणसाची पायपीट वाचेल."

सगळी कचेरी हसली. साहेब ओशाळले. "बरं, उद्या माणूस पाठवतो. घरीच थांबा."

दोघं थांबली. माणूस आला, घर पाहून, चहा पिऊन गेला.

त्याच दिवशी कचेरीत हजेरी होती. दोघंही गैरहजर आढळल्याने अर्ज प्रलंबित आहे.