चारोळीचे दात

त्या रानात शेकरांची पिल्लं वाकड्या दातांनी जन्माला येत. खालवरचे दात एकमेकांना भिडले नाहीत तर बेहड्याचं कवच फुटत नसे, आणि बेहड्याशिवाय तिथे दुसरं काही पिकत नसे. म्हणून लहानपणीच दात सरळ करून घ्यावे लागत. दाताला सूत बांधून तो जागेवर ओढायचं काम कोळ्याचं. पण सूत कुठे आणि किती ताणायचं हे कळायला त्याला दातांचा नमुना लागे, आणि तो काढून देई कुंभारीण माशी.

कुंभारीण पिल्लाच्या तोंडात ओला चिखल ठासून भरी आणि तो वाळेपर्यंत शेजारी बसून राही. पिल्लू ओकाऱ्या काढी, पाय झाडी. आया त्याला दाबून धरत. कुंभारणीला पिल्लांची माया नव्हती, रागही नव्हता. वाळलेला चिखल ती अलगद उपसून काढी, त्याच्यावरून मातीचा जबडा घडवी आणि कपारीत मांडून ठेवी.

सावरी नावाच्या शेकरीचा थोरला मुलगा खैर एका दुपारी त्या चिखलाखाली गुदमरला. त्याचे पाय सावरीनेच धरले होते. ते झाडायचे थांबले तेव्हा पोर शहाण्यासारखं वागतंय असं वाटून तिला बरं वाटलं होतं. ठसा मात्र सुरेख उतरला. कुंभारणीने जबडा घडवून सावरीपुढे ठेवला.

"राहू दे," कुंभारीण म्हणाली. "धाकटीच्या वेळी ताडून बघायला उपयोगी पडेल."

पुढे पलीकडच्या खोऱ्यातून काजवे आले. काळोख्या ढोलीत पिल्लाने नुसतं तोंड उघडायचं. काजवे दातांभोवती घिरट्या घालत, कुणाच्याही अंगाला न लागता बाहेर पडत आणि समोरच्या गुळगुळीत बुंध्यावर अशा बेताने बसत की अख्खा जबडा उजेडात उमटे. सावरीने ते पाहिलं आणि खैर गेल्यापासून कोरडे राहिलेले तिचे डोळे भरून आले. मग ती झाडोझाड हिंडली. फांदीफांदीवर बसून तिने खैरची हकीकत सांगितली. ऐकणाऱ्या आयांनी आपापली पिल्लं पोटाशी घेतली. पंचांनी चिखल बंद केला. कपारीतले मातीचे जबडे दरीत लोटून दिले, त्यातला पहिला सावरीने लोटला. सगळे तिला उजेडाची आई म्हणू लागले आणि बुंध्याजवळची मानाची फांदी तिला मिळाली.

चिखल बंद झाल्यावर काजव्यांपुढे पहिलं तोंड उघडलं ते तिच्या धाकटीने, चारोळीने. तिला जराही दुखलं नाही. चित्र बघून कोळ्याने सूत बांधलं आणि रोज थोडं थोडं ताणायला घेतलं.

काही दिवसांनी चारोळी म्हणाली, "आई, मागचा दात गालात शिरतोय."

सावरीने तिला ढोलीत नेलं. बुंध्यावर चित्र उमटलं. सगळे दात ओळीत होते.

"मागचाही?" तिने विचारलं.

"मागे थुंकी साचते," थोरला काजवा म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "ओल्यात आम्ही जात नाही. तिथे आधी पाहिलेल्या दुसऱ्या पिल्लाचा दात लावून चित्र पुरं करतो. बहुतेकांचे सारखेच असतात."

हे कुणाला सांगायचं तर ज्या फांद्यांवर सावरी खैरची हकीकत सांगत हिंडली, त्याच फांद्यांवर पुन्हा जायला हवं होतं. घरी येऊन ती चारोळीला म्हणाली, "सवय होईल."

सवय झाली नाही. गाल सुजला. सूत ताणलं की पोर अंगाचं मुटकुळं करून पडून राही. सावरी बेहडा स्वतः चावून तिला भरवू लागली. अखेर चारोळीला पाठीवर घेऊन, कुणाच्या नजरेला न पडता, ती कुंभारणीकडे गेली. कुंभारीण आता काजव्यांसाठी बुंधे लिंपून गुळगुळीत करायच्या कामावर होती.

"मागचा दात एकदा बघायचाय," सावरी म्हणाली.

"बघायचा तर चिखल भरावा लागेल." कुंभारणीने चिखलाचा गोळा उचलला. "पाय तूच धरशील ना?"

सावरीने चारोळीला उचललं आणि आल्या वाटेने परत फिरली. वाटेत चारोळीने विचारलं, "मग आता काय करायचं?" सावरीने तिला घट्ट धरलं आणि पुढची फांदी गाठली.

बेहडे पिकले तेव्हा पंचांनी सभा बोलावली. बुंध्यासमोरच्या दाट सावलीत सारी शेकरं जमली. काही आयांना अजून चिखलच खात्रीचा वाटत होता, त्यांचा संशय फेडायचा होता. पंचांतला म्हातारा बिबा चारोळीला पुढे घेऊन आला. सुजलेला गाल सावरीने सकाळीच शेपटीच्या केसांनी झाकला होता.

"उजेडाचं हे पहिलं लेकरू," बिबा म्हणाला. "पोरी, तूच सांग सगळ्यांना. कसं काय वाटतंय?"

चारोळीने आईकडे पाहिलं. सावरी खाली बघत होती. चारोळीने मनाचा हिय्या केला आणि बोलायला तोंड उघडलं.

तोंड उघडलेलं दिसताच काजवे उठले आणि दातांभोवती जमले.

"हलू नकोस हं, बाळ," बिबा मायेने म्हणाला.

चारोळीच्या घशातून आवाज निघाला, पण तोवर काजवे बुंध्यावर जाऊन बसले होते आणि सगळ्या माना तिकडे वळल्या होत्या. सावरीचीही वळली. सभेतून समाधानाची कुजबुज उठली. बुंध्यावर दातांच्या दोन ओळी कुठेही फट न ठेवता लखलखत होत्या. जीभ काजव्यांनी वगळली होती.