बगळ्याचा ब्रश

फार पूर्वी, तळ्यावरच्या बगळ्याला चित्रांचा नाद लागला. त्यानं चित्रं काढायचा टॅब्लेट आणला आणि एका पायावर उभा राहून शिकू लागला. कासवीला तेव्हा स्थळ आलं होतं, मुलाकडच्यांनी तिचं चित्र मागितलं होतं. बगळा एक रेघ ओढी, पुसून टाकी आणि टॅब्लेटमध्ये नवा ब्रश शोधी. तीन दिवस हेच चाललं.

"काका, उद्या चित्र पाठवायचंय," कासवी म्हणाली.

"कला घाईनं होत नसते, बाई. हलू नकोस."

शेवटी सुतारपक्ष्यानं चोचीनं तिला सालीवर कोरलं. बगळा हसला. "एक डोळा मोठा झालाय. आणि तुला तर पुसताही येत नाही."

पाहुण्यांना तोच डोळा आवडला.

पुढं कासवी चार पिल्लं घेऊन माहेरी आली. बगळा म्हणाला, "बरं झालं आलीस. तशीच बस, ब्रश सापडलाय."