धाकट्या मिरीचं घुंगरू

एक होतं घर. घराला होती पडवी. पडवीच्या जमिनीत बसवलं होतं एक दगडी उखळ. उखळामागे भिंतीत होतं एक बीळ. आणि बिळात राहायची मिरी.

मिरी म्हणजे चिचुंद्री. एवढीशी. नाक लांब. डोळे बारीक. सगळ्या भावंडांत धाकटी.

चिचुंद्र्यांच्या घरी एक रीत असते. पिल्लं पहिल्यांदा बाहेर निघाली, की रांग करतात. आई पुढे. आईची शेपटी थोरल्यानं धरायची. थोरल्याची शेपटी मधल्यानं धरायची. असं करत करत सगळ्यात शेवटी सगळ्यात धाकटं.

आणि धाकट्याच्या शेपटीला घुंगरू.

आई असते पुढे. तिला मागचं दिसत नाही. मागून छुम वाजलं, की ती म्हणते, आली माझी धाकटी. मग ती पुढचं पाऊल टाकते. छुम नाही, तर पाऊल नाही.

ते घुंगरू फार जुनं होतं. मिरीच्या आईनं ते लहानपणी घातलं होतं. आईच्या आईनं घातलं होतं. तिच्याही आईनं घातलं होतं. त्या सगळ्या कधीतरी धाकट्या होत्या.

आता मिरीची पाळी. आज दिवेलागणीला रांग निघणार होती.

मिरी सकाळपासून चालून बघत होती.

तुरुतुरु, छुम. तुरुतुरु, छुम.

थोरला भाऊ म्हणाला, "पुरे गं. कान किटले."

मिरी म्हणाली, "तुला मिळालं नाही ना, म्हणून."

तुरुतुरु, छुम. तुरुतुरु, तट्.

दोरा तुटला. जुनाच होता तो. घुंगरू पळालं. गडगड, गडगड, गडगड. उखळाच्या काठावर जरा थांबलं. आणि छुम. पडलं आत.

मिरी काठावरून वाकली. उखळ खोल. उखळ गुळगुळीत. आत उतरलं, तर वर येता येणार नाही.

मिरी म्हणाली, "उखळबाई, उखळबाई, माझं घुंगरू द्या ना."

उखळ म्हणालं, "मला कुठे हात आहेत? माझ्यात उतरतं ते मुसळ. जा, मुसळाला सांग."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण छुम नाही.

मुसळ उभं होतं कोपऱ्यात. उंच उंच. लाकूड काळंभोर. वर एके जागी ते चकचकीत झालं होतं. तिथे मोठी माणसं त्याला धरायची. आणि खालीही एक जागा चकचकीत होती. लहानशी. मिरीनं तिला नाक लावलं. गार लागलं.

मिरी म्हणाली,

"मुसळआजोबा, मुसळआजोबा, खाली उतरा ना.
घुंगरू वर येईना,
रांग आमची निघेना."

मुसळआजोबा म्हणाले, "मी साधं मुसळ नव्हे. या घरातल्या सगळ्या लग्नांची हळद मी कुटली. पण आंब्याची डहाळी बांधल्याशिवाय मी उतरत नाही. अशी रीत आहे. जा, आंब्याला सांग."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आंबा होता अंगणात. खोड एवढं जाड, की मिरीला वाटलं, ही भिंतच आहे.

मिरी म्हणाली,

"आंबेमामा, आंबेमामा, डहाळी द्या ना.
मुसळ खाली उतरेना,
घुंगरू वर येईना,
रांग आमची निघेना."

आंबेमामा म्हणाले, "मी साधा आंबा नव्हे. मला या घरच्या पणजीनं लावलं. पितळी तांब्यानं पाणी घातलं. तो तांब्या बऱ्याच दिवसांत आलाच नाही. तो पाणी घेऊन येईल, तर मी डहाळी देईन. जा, तांब्याला सांग."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तांब्या होता स्वयंपाकघरात, अगदी खालच्या फळीवर. काळा पडला होता. भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मिरी म्हणाली,

"तांब्याभाऊ, तांब्याभाऊ, पाणी न्या ना.
आंबा डहाळी देईना,
मुसळ खाली उतरेना,
घुंगरू वर येईना,
रांग आमची निघेना."

तांब्या म्हणाला, "कसला वास येतोय गं?"

मिरी म्हणाली, "माझा. आमच्या घरचा आहे. आईलाही असाच येतो."

तांब्या म्हणाला, "असं होय. मग असू दे. मीही साधा तांब्या नव्हे. माझ्या अंगावर नाव आहे. पण मी पडलो काळा. नाव दिसेना. असा मी चार लोकांत जात नाही. चिंच लावून घासलं, तर जाईन. जा, चिंचेच्या बरणीला सांग."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बरणी होती कोपऱ्यात. पांढरी, गोल पोटाची. तोंडाला कापड बांधलेलं. कापड जुन्या लुगड्याचं. अजून हिरवं होतं.

मिरी म्हणाली,

"बरणीमावशी, बरणीमावशी, चिंच द्या ना.
तांब्या पाणी नेईना,
आंबा डहाळी देईना,
मुसळ खाली उतरेना,
घुंगरू वर येईना,
रांग आमची निघेना."

बरणीमावशी म्हणाली, "मी साधी बरणी नव्हे. माझ्या तोंडाला पणजीचं लुगडं आहे. पण गाठ फार बारीक. मोठ्या बोटांना ती सुटतच नाही. बारीक बोटं हवीत. जा, बकुळला सांग."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बकुळ म्हणजे या घरातली धाकटी मुलगी. ती दाराआड बसली होती. गाल फुगवून. माझं नाव मिरी, मीही आमच्या घरची धाकटी, असं मिरीनं तिला आधी सांगितलं.

मिरी म्हणाली,

"बकुळताई, बकुळताई, गाठ सोडा ना.
बरणी चिंच देईना,
तांब्या पाणी नेईना,
आंबा डहाळी देईना,
मुसळ खाली उतरेना,
घुंगरू वर येईना,
रांग आमची निघेना."

बकुळ म्हणाली, "मी नाही उठणार. आत्याचं लग्न आहे. सगळे कामात आहेत. मी कशाला हात लावला, की काकू म्हणते, तू लहान आहेस, तिकडे बस. काकू मला हाक मारेल, तर मी उठेन. जा, काकूला सांग."

मिरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ऊन उतरायला लागलं होतं. बिळाच्या तोंडाशी भावंडं जमली होती. थोरल्यानं आईची शेपटी धरूनही बघितली. मिरी आणखी जोरात पळाली.

काकू होती माजघरात. फोनवर दुकानदाराशी बोलत होती. हळदीची पुडी मागवत होती. पायाशी मिरी दिसली, तशी काकूनं दोन्ही पाय वर घेतले.

मिरी म्हणाली,

"काकू, काकू, हाक मारा ना.
बकुळ गाठ सोडेना,
बरणी चिंच देईना,
तांब्या पाणी नेईना,
आंबा डहाळी देईना,
मुसळ खाली उतरेना,
घुंगरू वर येईना,
रांग आमची निघेना."

काकू म्हणाली, "आता हळद कोण कुटत बसतं? पुडी येईल दुकानातून. मुसळ नुसतं उभं आहे. आणि बकुळ तर केवढीशी. तिला काय जमणार?"

आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

मिरी मागच्या पायांवर उभी राहिली. नाक वर केलं.

मिरी म्हणाली, "काकू, मुसळावर दोन खुणा आहेत. वरची मोठ्या हातांची. खालची कुणाच्या हातांची?"

काकूनं कधी पाहिलंच नव्हतं. ती उठली. मुसळाजवळ गेली. खाली वाकली. खरंच, खाली एक जागा चकचकीत होती. काकूनं तिथे हात ठेवून बघितला. तिचा पंजा मोठा. खूण लहान.

तेवढ्यात रेवतीआत्या आली. उद्या तिचंच लग्न होतं. तिनं खुणेवरून बोट फिरवलं. आणि ती हसली.

"वहिनी, इथे मी हात ठेवला होता. मोठ्या दादाच्या लग्नात. तेव्हा मी धाकटी होते ना. आपल्याकडे हळदीचा पहिला घाव धाकट्याचा असतो. माझ्याआधी बाबांनी ठेवला होता. त्यांच्याआधी त्यांच्या आत्यानं. मी विसरूनच गेले."

काकू म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही."

मिरी म्हणाली, "मुसळानं सांगितलं की."

काकूनं फोन खाली ठेवला. डब्यातून हळकुंडं काढली. आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"बकुळ, ये गं. पहिला घाव तुझा."

काकूनं हाक मारली, तशी बकुळ उठली.

बकुळ उठली, तशी गाठ सुटली. बारीक बोटांनी, एका दमात.

गाठ सुटली, तशी बरणीनं चिंच दिली.

चिंच मिळाली, तसा तांब्या चकाकला. घासघास, घासघास. काळं गेलं. पिवळं आलं. आणि अंगावर नाव दिसलं. ठिपक्या ठिपक्यांचं. काकूनं वाचलं. भागीरथी. तेच पणजीचं नाव.

तांब्या चकाकला, तसा पाणी घेऊन अंगणात गेला. बकुळच्या हातात बसून. अर्धं पाणी वाटेत सांडलं. तांब्यानं चालवून घेतलं.

पाणी आलं, तसं आंब्यानं ओळखलं. हाच तो तांब्या. आंबा सळसळला. एक डहाळी खाली आली.

डहाळी आली, तसं मुसळ सजलं. वर डहाळी बांधली. काकूनं आणि आत्यानं मुसळ उचललं. काकू म्हणाली, "आता मार गं घाव."

बकुळ म्हणाली, "थांबा. आत मिरीचं घुंगरू आहे."

मुसळ हळूच उतरलं. धम् नाही केलं. नुसतं टेकून उभं राहिलं.

मिरी मुसळावरून सरसर खाली गेली. घुंगरू तोंडात धरलं. मिरी मुसळावरून सरसर वर आली.

छुम.

काकूनं बघितलं. तिनं घुंगरू चिमटीत उचललं. उजेडात धरलं. म्हणाली, "हे तर आपल्याकडचंच दिसतंय. जुन्या वाळ्यातलं. कुणा बाळाच्या पायातून गळलं असेल. ठेवू का देव्हाऱ्यात?"

मिरीनं आपली रिकामी शेपटी पुढे केली. आणि बघत राहिली.

बकुळनं हात पुढे केला. "काकू, ते मिरीचं आहे. तिच्या घरात ती धाकटी आहे."

काकूनं बकुळकडे बघितलं. मग मिरीकडे बघितलं. आणि घुंगरू बकुळच्या हातात दिलं.

दोरा तर तुटला होता. बकुळनं बरणीच्या कापडाचा एक धागा ओढला. पणजीच्या लुगड्याचा. हिरवा. मिरीच्या शेपटीला घुंगरू बांधलं. बारीक गाठ मारली. अगदी बारीक.

मग बकुळ उखळाशी उभी राहिली. उखळात हळकुंडं पडली. खालच्या खुणेवर बकुळनं हात ठेवला. अगदी बरोबर बसला. वर काकूचा हात, आत्याचा हात. खाली बकुळचा.

धम्.

पहिला घाव बकुळचा. पिवळी हळद उडाली. ती बकुळच्या नाकावर बसली. काकू ती पुसायला गेली. बकुळ म्हणाली, "राहू दे." आणि तशीच सगळ्या घरभर फिरून आली.

अंगणात दिवा लागला. बिळातून रांग निघाली. पुढे आई. आईची शेपटी थोरल्यानं धरली. थोरल्याची शेपटी मधल्यानं धरली. असं करत करत सगळ्यात शेवटी मिरी. मान ताठ. शेपटी वर.

आई थांबली. कान दिले.

छुम.

आली माझी धाकटी, आई म्हणाली. आणि तिनं पाऊल टाकलं.

तुरुतुरु, छुम. तुरुतुरु, छुम. उखळाजवळून. मुसळाजवळून. आंब्याखालून. सगळे बघत होते.

आईनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वळायचं कारणच नव्हतं.

हळद लागली आत्याला. घाव मिळाला बकुळला. घुंगरू मिळालं मिरीला. आणि गोष्ट मिळाली घरातल्या सगळ्यात धाकट्याला.