मनगटावरची चिंधी

एकदा एक बातमी विहिरीवर अर्धीच माझ्या कानी पडली. "चितारीबुवांनी म्हणे साहेबाचं चित्र पाण्यात..." एवढं बोलून सांगणारी घागर उचलून चालती झाली. चितारीबुवा माझे शेजारी. मग काय, विस्तव मागायचं निमित्त करून मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

ते वर्ष दुष्काळाचं. गावाबाहेर सरकारी रस्त्याचं काम निघालं होतं. खडी फोडेल त्याला मापटंभर धान्य. या कामाचं चित्र साहेबाला विलायतेच्या प्रदर्शनात मांडायचं होतं, ते त्याने बुवांकडे सांगितलं. माणसं तजेलदार हवीत, एवढीच त्याची अट. बुवांच्या शिष्याने घरी बसूनच ते रंगवलं, आणि देखणं रंगवलं. हिरवी झाडं, भरलेले दंड, हसऱ्या बायका, मनगटांत घट्ट बसलेल्या बांगड्या.

बुवांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग ओलं फडकं घेऊन मधल्या बाईचं मनगट पुसून टाकलं.

शिष्य कळवळला. "बुवा, हात चुकला का माझा?"

"हात सुरेख आहे. पण तिचा नाही. हे चित्र घेऊन खडीवर जा, तिथल्या बाईचं मनगट पाहून ये."

शिष्य संध्याकाळी परतला तो मान खाली घालून.

"बांगड्या गळून पडतात तिच्या. म्हणून वरून चिंधी गुंडाळलीय. मला म्हणाली, 'दादा, तुझ्या चित्रातली बाई रोज जेवते वाटतं.'"

बुवा म्हणाले, "तिला कळलं. विलायतेत कुणाला कळणार? तिथली भली माणसं हे चित्र पाहतील आणि समाधानाने म्हणतील, प्रजा धडधाकट आहे, आता धान्य कशाला? बाळा, तुझ्या सुंदर रंगांखाली तिची भूक झाकली गेली. तिचं मापटं कमी व्हायचंच असेल, तर निदान आपल्या कुंचल्याने होऊ नये."

शिष्याने त्या मनगटावर चिंधी रंगवली.

साहेब आला. चिंधीवर बोट ठेवून म्हणाला, "ये मैला क्या है?" आणि दुसऱ्या चिताऱ्याकडून बांगड्या पुन्हा घट्ट करून घेतल्या. चित्र विलायतेला गेलं. पुढे खडीवरचं मापटं खरंच कमी झालं. चित्रामुळे की आणखी कशामुळे, कोण सांगणार? शिष्य मात्र त्यानंतर माणूस रंगवण्याआधी त्याच्यासमोर जाऊन बसू लागला.

विहिरीवर मी बायकांना सांगितलं, "अगं, चित्र काही बुडवलं नाही बुवांनी. एका मनगटापुरतं पाणी लागलं होतं, तेही साहेबाने वाळवून घेतलं."

कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने घागर भरली, आणि उचलण्याआधी मनगटावरून घसरणाऱ्या बांगड्या कोपराकडे सारल्या.