दाराची कुरकुर

एका राज्यात एक लोभी राजा होता, आणि त्याने नको तिथे हात घातला. मांत्रिक कालदंताचा शापित खजिना त्याने आपल्या कोठारात आणून ठेवला. मांत्रिकाने फुंकर मारली मात्र, कोठाराचं दार नाहीसं झालं! उरली सपाट भिंत. बरं, दार कसं होतं हेही कुणाला आठवेना. आणि आत अडकली बिचारी भागा झाडूवाली.

भागेची लेक सोनकी जन्माची बहिरी. आई कोठार झाडायची तेव्हा ही दारासमोर बसून त्या दाराचीच चित्रं काढायची. शिकवणारं कोण? चुलीची काजळी थुंकीत कालवायची, बाभळीची काडी चावून कुंचला करायची, झालं. आता ती भिंतीला तळहात लावून उभी होती. आतून आईचे ठोके हाताला लागत होते.

भिंतीवर बसलेली एक साळुंकी बोलली, “दार परत हवं तर चौकट रेखाटा, कडी रेखाटा, कुरकुर रेखाटा. सूर्य बुडाला की या भिंतीचा डोंगर होईल.”

राजाचे चितारी सोन्याचे रंग घेऊन नुसतेच उभे राहिले. तेव्हा म्हाताऱ्या द्वारपालाने सोनकीला पुढे आणलं आणि हातवारे करून सारं समजावलं.

तिने चौकट काढली, वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यासकट. भिंतीत चौकट उभी राहिली. तिने कडी काढली, जराशी वाकलेली. लोखंड बाहेर आलं. पण ठोके मंदावले होते.

मग कुरकुर समजावायला द्वारपालाने कान दाबले, दात आवळले. तो चेहरा सोनकीच्या ओळखीचा होता. दार उघडताना रोज सगळे तसंच करत. का, ते तिला कधी कळलं नव्हतं. आता काढायचं तरी काय? तोंडाला कोरड पडली, काजळी संपली, सूर्य टेकला. तिने भिंतीला हात लावला, तर ठोकाच नाही.

तिने डोळे मिटून रोजचं दार आठवलं. लोक दात कधी आवळत? दाराची झुकलेली फळी फरशीला घासायची, नेमकं तेव्हाच! तिथे अर्धगोल ओरखडा पडलेला असायचा. सोनकी खाली बसली आणि काळ्या अंगठ्याने तिने फरशीवर तो ओरखडा ओढला.

मागे वळून पाहते, तर राजासकट सगळ्यांनी कान दाबलेले.

उघडलेल्या दारातून भागा खोकत बाहेर आली आणि लेकीला घट्ट धरून रडली. राजाने त्याच सांजेला खजिना स्वतःच्या डोक्यावरून मांत्रिकाला नेऊन दिला. शाप फिटला. पुढे कारभारी बिजागरीसाठी तेल घेऊन आला, तर राजा म्हणाला, “थेंबही घालू नका.”

ते दार अजून कुरकुरतं. लोक दात आवळतात, आणि सोनकी त्यांच्या तोंडाकडे बघून हसते.